रानाची खानेसुमारी

माणसांची खानेसुमारी कशी होते हें आपणां सर्वांना ठाऊक आहे. सरकारी गणक दाराशीं येतो, घरांत माणसें किती, त्यांचें वय काय, शिक्षण काय, असे ठराविक प्रश्न विचारतो, उत्तरें लिहून घेतो आणि पुढच्या दाराकडे वळतो. देशभर एकाच वेळीं अशी मोजणी १८८१ सालीं प्रथम झाली. तिच्यांत चुका राहतात, नाहीं असें नाहीं; पण एक मोठी सोय तिच्यांत असते. ज्याची मोजणी करावयाची तो मनुष्य आपलें नांव सांगतो. रानांतील प्राण्याची गोष्ट अगदीं निराळी. त्याला दार नाहीं कीं उंबरठा नाहीं. आणि गणक येत आहे अशी चाहूल लागतांच तो बहुधा तेथून निघून जातो. असें असूनहि दर चार वर्षांनीं वर्तमानपत्रांत बातमी येते कीं, भारतांत इतके इतके वाघ आहेत. आपण ती वाचतों, संख्या वाढली असेल तर समाधान पावतों, घटली असेल तर हळहळतों आणि पान उलटतों. ही संख्या आली कोठून, ती कोणीं काढली आणि तिच्यावर विश्वास कां ठेवावा, हा प्रश्न क्वचितच आपल्या मनांत येतो. आज त्याच प्रश्नाचा विचार आपल्यापुढें मांडण्याचा माझा हेतु आहे.

हा प्रश्न वरवर दिसतो तितका कोरडा नाहीं. एखाद्या अरण्यांत काय आहे हें चुकीचें मोजलें गेलें, तर त्या चुकीची किंमत मोजणाऱ्याला द्यावी लागत नाहीं. ती त्या अरण्याला द्यावी लागते. याचा दाखला पुढें येईलच. प्रथम अडचण काय आहे ती पाहूं.

उदाहरणादाखल आपला मेळघाट घ्या. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याची गाविलगड नांवाची जी रांग आहे, तिच्या दऱ्याखोऱ्यांत हें अरण्य पसरलें आहे. थंड हवेसाठीं चिखलदऱ्याला गेलेल्या मंडळींनीं त्याची कड पाहिली असेल. १९७३ सालीं व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हां देशांतील ज्या नऊ अरण्यांची पहिली निवड झाली त्यांत मेळघाट होता. आज या राखीव क्षेत्राचा विस्तार अडीच हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. साग हें तेथील मुख्य झाड. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या नद्या या रानांतून वाहतात आणि त्यांचें पाणी अखेर तापीला मिळतें. पावसाळ्यांत दहा पावलांपलीकडचें दिसत नाहीं इतकी दाटी होते. उन्हाळ्यांत सागाचीं पानें गळून वाटा झांकून जातात आणि ओढ्यांत ठिकठिकाणीं डोह तेवढे उरतात. वाघ, बिबळ्या, अस्वल, गवा, सांबर, भेंकर, रानकुत्रा, शिवाय शेंकडों जातींचे पक्षी आणि ज्यांना नांवें देणेंहि अवघड असे असंख्य कीटक या रानांत राहतात. आयुष्यभर तेथें नोकरी केलेला रक्षकहि वाघ आपण किती वेळां पाहिला हें बोटांवर मोजून सांगतो. मग अशा मुलखांत मोजणी करावयाची ती कशी?

यावर जुनी तोड होती ती पाउलखुणांची. ओरिसांतील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनीं १९६६ सालीं ही रीत आंखून दिली आणि १९७२ सालीं जी पहिली देशव्यापी व्याघ्रगणना झाली ती याच रीतीनें झाली. त्या वेळीं सुमारें १,८०० वाघ असल्याचें निघालें. रीत अशी होती. ठरलेल्या दिवसांत वनरक्षकांनीं आपआपल्या हद्दींतील वाटा, नाले आणि पाणवठे धुंडाळावयाचे. वाघाच्या मागच्या पावलाचा स्पष्ट ठसा सांपडला कीं त्यावर कांच धरून आकृति उतरून घ्यावयाची, जमल्यास प्लास्टरचा सांचा करावयाचा आणि शेवटीं सर्व आकृति एकत्र मांडून कोणती कोणत्या वाघाची हें ठरवावयाचें. ज्यांनीं हें काम केलें त्यांच्या रानाच्या ज्ञानाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण ओल्या चिखलांत उमटलेलें पाऊल आणि फुफाट्यांत उमटलेलें पाऊल एकाच वाघाचें असूनहि निराळें दिसतें. तेव्हां शेवटचा निवाडा एका माणसाच्या नजरेवर येऊन ठेपे. आणि ती नजर चुकली तर ती तपासून पाहण्याचें साधन दुसऱ्या कोणाच्या हातीं नसे.

याहून मोठी अडचण मनुष्यस्वभावाची होती. ज्यानें वाघ राखावयाचे त्यानेंच ते मोजून सांगावयाचे, अशी ती व्यवस्था होती. मागल्या खेपेस दहा होते आणि यंदा सहा सांपडले असें लिहिलें, तर उरलेल्या चारांचा जाब कोण देणार? म्हणून दहाचे अकरा होणें सोपें आणि दहाचे सहा होणें कठीण. सर्वांनीं मुद्दाम खोटें लिहिलें असें माझें म्हणणें नाहीं. परंतु ‘येथें कांहीं आढळलें नाहीं’ असें निर्भयपणें लिहिण्याची सोय त्या व्यवस्थेंत नव्हती, एवढें खरें.

याचें फळ राजस्थानांतील सरिस्का येथें दिसून आलें. कागदोपत्रीं तेथें वाघ नांदत होते. २००४ सालच्या उत्तरार्धांत तेथें वाघ कोणाच्या दृष्टीस पडेनासा झाला, आणि २००५ सालीं रीतसर चौकशी झाली तेव्हां त्या अरण्यांत एकहि वाघ उरलेला नाहीं, चोरट्या शिकाऱ्यांनीं तें रिकामें केलें, असें निष्पन्न झालें. वाघ मारले जात होते आणि त्यांची संख्या मात्र वहींत सुखरूप होती. संख्या पडलेली दिसली असती तर पहारा वाढला असता, चौकशी लवकर झाली असती, कदाचित् कांहीं वाघ वांचलेहि असते. मघाशीं मी म्हटलें कीं चुकीच्या मोजणीची किंमत अरण्य देतें, तें या अर्थानें. सरिस्कांत पुन्हां वाघ आणावे लागले ते २००८ सालीं, रणथंभोरहून.

या धक्क्यानंतर सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालीं एक कृतिदल नेमलें गेलें आणि मोजणीची सारी पद्धतिच बदलण्यांत आली. २००१-०२ सालच्या जुन्या गणनेनें देशांत ३,६४२ वाघ सांगितले होते. २००६ सालीं नव्या पद्धतीनें पहिला अंदाज निघाला तो १,४११. मधल्या चार वर्षांत दोन हजारांहून अधिक वाघ मेले असें नव्हे. त्यांतील पुष्कळ वाघ केवळ वहींतच होते, असें मानणें भाग आहे. त्या दिवशीं देशाला वाईट वाटलें. पण माझ्या मतें तो दिवस चांगला होता. खरी संख्या कितीहि लहान असली तरी तिच्यावर पाय रोवून उभें राहतां येतें.

ही नवी पद्धति कोणती? तिचें मर्म एका घरगुती उदाहरणानें सांगतां येईल. डब्यांत पावटे आहेत आणि ते सगळे न मोजतां किती आहेत हें सांगावयाचें आहे. पन्नास पावटे काढावे, प्रत्येकाला शाईचा ठिपका द्यावा, परत डब्यांत टाकून डबा चांगला हालवावा. मग पुन्हां पन्नास काढावे. त्यांत ठिपक्याचे दहा निघाले, तर त्याचा अर्थ डब्यांत दर पांचांत एक ठिपक्याचा आहे. आणि ठिपके तर आपण पन्नासांनाच दिले होते. तेव्हां एकंदर पावटे अडीचशेंच्या आसपास असले पाहिजेत. वाघाला ठिपका देण्याचें कारण नाहीं. निसर्गानें त्याच्या अंगावर पट्टे काढून ठेवले आहेत, आणि आपल्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणें कोणत्याहि दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. त्याचें छायाचित्र मिळालें कीं तो ओळखतां येतो. वाटेवर तार लावून वाघाकडूनच त्याचें छायाचित्र काढवावें ही युक्ति एफ्. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्यानें १९२० नंतरच्या दशकांतच उत्तर हिंदुस्थानच्या जंगलांत करून दाखविली होती. तिला वरील गणिताची जोड १९९० नंतर के. उल्लास कारंथ यांनीं कर्नाटकांतील नागरहोळे येथें दिली.

आतां हें काम फार मोठ्या प्रमाणावर चालतें. अरण्याचे सुमारें दोन चौरस किलोमीटरांचे चौकोन पाडतात आणि प्रत्येकांत एका वाटेच्या दोन बाजूंस समोरासमोर दोन स्वयंचलित कॅमेरे बांधतात. दोन अशासाठीं कीं, वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवरच्या पट्ट्यांशीं जुळत नाहींत. २०१८ सालच्या पाहणींत देशभर २६,८३८ जागीं असे कॅमेरे बसविले गेले. त्यांनीं ३,४८,५८,६२३ छायाचित्रें काढलीं. त्यांपैकीं वाघांचीं होतीं ७६,६५१ आणि बिबळ्यांचीं ५१,७७७. बाकीचीं साडेतीन कोटींच्या आसपास चित्रें हरणें, डुकरें, साळिंदरें, गुरें, माणसें आणि वाऱ्यानें हाललेलें गवत यांचीं होतीं. त्या राशींतून २,४६१ निरनिराळे वाघ ओळखले गेले, आणि जे कॅमेऱ्यापुढें आले नाहींत त्यांचा हिशेब धरून एकंदर अंदाज २,९६७ वर गेला. २०२२ सालच्या पाहणींत हा अंदाज ३,६८२ झाला. पण हा आंकडा एकटा वाचूं नये. त्याच्याबरोबर असें सांगितलेलें आहे कीं, खरी संख्या ३,१६७ आणि ३,९२५ यांच्या दरम्यान असावी. हें सांगणें दुबळेपणाचें लक्षण नव्हे. जो आपल्या मापाची चूक किती असूं शकेल हें मोकळेपणानें सांगतो, त्याचेंच माप विश्वासाचें.

आतां या कामांत हात किती लागतात तें पाहा. कॅमेरा कोणत्या वाटेवर, कोणत्या वळणावर बांधावा हें दिल्लीच्या किंवा डेहराडूनच्या शास्त्रज्ञाला ठाऊक नसतें. तें त्या हद्दीच्या रक्षकाला आणि त्याच्याबरोबरच्या गांवकऱ्याला ठाऊक असतें. चित्रांतील पट्टे जुळविणें आणि गणित मांडणें हें रक्षकाला येत नाहीं. तें डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेंत होतें. राज्यांचीं वनखातीं माणसें देतात, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण सर्वांचा मेळ घालतें. परिणाम असा कीं, संख्या कोणा एकाची राहत नाहीं. वाघ कमी निघाले म्हणून चित्रें लपवितां येत नाहींत, आणि अधिक हवे म्हणून पट्टे रंगवितां येत नाहींत. एकाच्या कामावर दुसऱ्याची नजर असते. आणि तिच्यामुळें पहिल्याच्या शिरावरचें ओझेंहि हलकें होतें. सहकार्य या शब्दाचा खरा उपयोग मला येथें दिसतो.

पण कॅमेरा म्हणजे सर्वस्व नव्हे. या पाहणीचा पहिला टप्पा अजूनहि पायीं होतो. प्रत्येक वनरक्षक आपल्या हद्दींत पांच पांच किलोमीटर चालून पाउलखुणा, विष्ठा, झाडांवरचे ओरखडे यांची नोंद करतो, आणि असें तीनदां करतो. पहांटे दोन किलोमीटरांच्या सरळ रेषेंत चालतांना सांबर दिसलें, चितळ दिसलें, तर तें किती अंतरावर आणि कोणत्या कोनांत दिसलें हें टिपतो; कारण वाघाची संख्या अखेर त्याच्या भक्ष्यावर अवलंबून असते. ठराविक जागीं थांबून तो झाडें, झुडपें, गवत यांचीहि नोंद करतो. म्हणजे नांव वाघाच्या मोजणीचें असलें तरी नोंद साऱ्या रानाची होते. २०१८ सालच्या पाहणींत अशी पायपीट ५,२२,९९६ किलोमीटरांची झाली. पृथ्वीपासून चंद्राचें अंतर सुमारें ३,८४,००० किलोमीटर आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या श्रमाची कल्पना येईल.

या पायपिटींत धोका नाहीं असें कोणी समजूं नये. नोव्हेंबर २०२१ मध्यें चंद्रपूर जिल्ह्यांतील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पांत एक वनरक्षक महिला याच पाहणीसाठीं सकाळीं पायीं निघाली होती. तिच्याबरोबर तीन मदतनीस होते. वाटेंत वाघीण बसलेली दिसली. मंडळी थांबलीं, मग वळसा घेऊन पुढें जाऊं लागलीं. इतक्यांत वाघिणीनें हल्ला केला आणि ती रक्षक प्राणास मुकली. पुढच्या वर्षाच्या संख्येमागें तिचीहि पावलें आहेत. वर्तमानपत्रांतील तो चार अंकी आंकडा वाचतांना एवढें तरी आपल्या स्मरणांत असावें.

येथवर वाघाची गोष्ट झाली. पण अरण्य म्हणजे केवळ वाघ नव्हे. आणि मोजणींतील खऱ्याखोट्याचा प्रश्न लहानशा पाखरालाहि कसा भोंवतो, हें पाहावयाचें तर मेळघाटांतच राहणाऱ्या रानपिंगळ्याची हकीकत ऐका. आपल्या वाड्यांच्या भिंतींत आणि आंब्याच्या ढोलींत राहणारा ठिपक्यांचा पिंगळा सर्वांच्या परिचयाचा आहे. रानपिंगळा त्याचाच भाऊबंद. मात्र त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात आणि तो दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसून शिकार करतो. १८७२ सालीं एफ्. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगढांतील फुलझरच्या मुलखांत तो प्रथम मिळाला आणि पुढच्या वर्षीं ह्यूम यांनीं त्याला शास्त्रीय नांव दिलें. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानें खानदेशांत त्याचे कांहीं नमुने जमविले. १८८४ नंतर मात्र त्याचा खात्रीचा नमुना कोणालाच मिळाला नाहीं.

अपवाद एकच. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहांत १९१४ सालचा एक नमुना होता, आणि तो तापीकांठच्या मांडवी गांवीं मिळाल्याची चिठ्ठी त्याला लावलेली होती. हें स्थळ आज गुजराथेंत आहे. या चिठ्ठीवर विसंबून लोक रानपिंगळ्याचा माग काढूं लागले आणि अर्थातच रिकाम्या हातीं परतले. पुढें पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनीं त्या नमुन्याची बारकाईनें तपासणी केली, त्याचीं क्ष-किरण चित्रें घेतलीं. आणि तो नमुना डेव्हिडसनच्याच जुन्या नमुन्यांपैकीं एक असून संग्रहालयांतून चोरून, पुन्हां भरून, नवी चिठ्ठी लावून ठेवलेला आहे, असें उघड झालें. म्हणजे सरिस्कांत नसलेले वाघ जसे वहींत होते, तसें मांडवींत न मिळालेलें पाखरूं चिठ्ठीवर होतें. ज्याची खात्री दुसऱ्या कोणाला करून घेतां येत नाहीं अशी एकट्याची साक्ष शास्त्राला किती वर्षें चकवूं शकते, याचें यापेक्षां बोलकें उदाहरण मिळणें कठीण.

मांडवीची नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे १९९७ सालीं जुन्या खऱ्या स्थळांकडे वळले. पूर्वेकडील शोधांत कांहीं हातीं लागलें नाहीं. मग ते खानदेशांत आले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं, सातपुड्याच्या पायथ्याशीं शहाद्याजवळ, एका निष्पर्ण झाडावर सकाळच्या उन्हांत रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. त्यांनीं त्याला मारलें नाहीं. त्याचीं छायाचित्रें घेतलीं, चलत्‌चित्र घेतलें, म्हणजे कोणालाहि तपासतां येईल असा पुरावा घेतला. ११३ वर्षें हरवलेला पक्षी परत मिळाला. त्यानंतर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आणि इतर अभ्यासकांनीं वनखात्याच्या मदतीनें सातपुड्यांत पाहणी केली, तेव्हां मेळघाटांत त्याची चांगली वसति असल्याचें आढळलें. २०१४ सालीं तर तो थेट ठाणें जिल्ह्यांतील तानसा अभयारण्यांत सांपडला. ज्या तलावाचें पाणी मुंबईकरांच्या घरोघरीं नळानें येतें त्याच तलावाच्या कांठचें हें रान. २०१८ सालीं जागतिक यादींत या पक्ष्याची गणना ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गांतून ‘संकटग्रस्त’ या वर्गांत आली. मधल्या काळांत पिंगळे एकाएकीं वाढले म्हणून नव्हे. शोधणारे डोळे वाढले म्हणून.

हे डोळे कोणाचे असावेत? मेळघाटांत या प्रश्नाचें उत्तर कोरकूंना वगळून देतां येणार नाहीं. पिढ्यानुपिढ्या हे लोक या डोंगरांत राहत आले आहेत. त्यांची भाषा मराठीच्या कुळांतील नव्हे. ती मुंडा कुळांतील. तींत वाघाला कुला म्हणतात. कोणत्या ओढ्याला चैत्रांत पाणी असतें, कोणत्या डोहावर अस्वल येतें, कोणत्या पाखराच्या कलकलाटावरून जवळपास जनावर आहे असें समजावें, हें ज्ञान त्यांच्यापाशीं आहे. वनखातें त्यांतील कांहींना पहारेकरी आणि वाटाडे म्हणून कामाला घेतें, हें योग्यच आहे. पण याच कोरकूंचीं कांहीं गांवें या शतकाच्या आरंभापासून अरण्याच्या गाभ्यांतून बाहेर हलविलीं गेलीं आहेत. १९९० नंतरच्या दशकांत याच मुलखांतील बालकांच्या कुपोषणाच्या वार्तांनीं महाराष्ट्र हादरला होता. ज्याच्या मुलाच्या ताटाचा प्रश्न सुटलेला नाहीं त्यानें हरणांच्या लेंड्या मोजाव्या अशी अपेक्षा करणारांनीं प्रथम त्याच्या बाजूनें विचार केला पाहिजे. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें गांवाच्या संमतीला आणि सामूहिक हक्काला मान्यता दिली आहे. ती कागदावर न राहतां व्यवहारांत उतरली तरच सहकार्य या शब्दाला अर्थ राहील. नुसत्या हुकमानें मनुष्य चालेल, पाहील, पण जें पाहिलें तें सांगेलच असें नाहीं.

याच विचारानें २००२ सालच्या जैवविविधता कायद्यांत गांवोगांवच्या समित्या आणि लोकांनीं स्वतः लिहावयाच्या जैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद झाली. माधव गाडगीळ यांनीं ही कल्पना आधींपासून हिरीरीनें मांडली होती. आपल्या शिवारांत कोणतीं झाडें, कोणते मासे, कोणतीं पाखरें, कोणतें बियाणें आहे, आणि पूर्वीं असून आतां काय दिसत नाहीं, हें गांवानें लिहून ठेवावें, अशी ती योजना. कल्पना उत्तम, पण जेथें जेथें वह्या भरून देण्याची घाई झाली, तेथें तेथें एका गांवची यादी दुसऱ्या गांवीं उतरविण्याचा मोह झाला. म्हणजे जुना रोग नव्या वहींत शिरला. नोंदवहीची खरी कसोटी तिच्या जाडींत नाहीं. ‘हें आमच्या गांवीं नाहीं’ किंवा ‘हें दहा वर्षांत दिसलेलें नाहीं’ अशी ओळ तिच्यांत सांपडते काय, हें मी आधीं पाहीन.

राहतां राहिले आपण शहरवासी. या कामांत आपला भाग काय? आपल्यांतील अनेकजण वैशाख पौर्णिमेच्या रात्रीं मेळघाटांत किंवा ताडोबांत मचाणावर बसून आले असतील. चांदण्यांत पाणवठ्यावर येणारीं जनावरें टिपण्याची ही प्रथा जुनी आहे. तिच्यावरून जनावरांची नेमकी संख्या निघत नाहीं. कारण तेंच सांबर दोन पाणवठ्यांवर पाणी पिऊन दोनदां मोजलें जाऊं शकतें. पण ती रात्र माणसाला रानाचा धडा देते, आणि त्या दृष्टीनें ती मोलाची आहे. फक्त एक पथ्य पाळावें. बारा तास बसून कांहींच आलें नाहीं, तर तक्त्यांत तसेंच लिहावें. शेजारच्या मचाणावर अस्वल आलें म्हणून आपल्याकडेहि त्याची सांवली दिसली असें लिहूं नये. कोरा तक्ता म्हणजे फुकट गेलेली रात्र नव्हे. त्या रात्रीं त्या पाणवठ्यावर काय घडलें याची ती खरी साक्ष आहे.

मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ सालीं झाली ती हौशी मंडळींनीं एकत्र येऊन केली. आणि १९११ सालीं तिनें देशांतील सस्तन प्राण्यांची जी मोठी पाहणी हातीं घेतली तिलाहि सभासदांच्या वर्गणीचा आधार होता. तेव्हां शहरांतील सुशिक्षितांनीं रानाच्या विद्येला हातभार लावण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाहीं. आज ती पुढें चालवावयाची तर मचाणापर्यंत जाण्याचीहि नेहमींच गरज नाहीं. वाघांची नवी संख्या वाचाल तेव्हां तीन प्रश्न विचारा. ही संख्या कोणत्या दोन मर्यादांच्या मधली आहे? मागल्या वेळीं जितकें रान पाहिलें तितकेंच यंदा पाहिलें काय? २००६ च्या अंदाजांत सुंदरबन नव्हतें आणि २०१० च्या अंदाजांत तें आलें. तेव्हां त्या दोन आंकड्यांतील सारी वाढ नव्या वाघांची समजणें चूक ठरेल. आणि तिसरा प्रश्न : ज्या अरण्यांत वाघ घटले, तेथील अहवालहि वाढीच्या बातमीइतकाच ठळक छापला गेला काय?

श्रोतेहो, हा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाढ सांगणाऱ्याला शाबासकी आणि घट सांगणाऱ्याला शिक्षा, असा जर आपण वाचकांनींच नियम केला, तर उद्यां कोणी वनरक्षक, कोणी अधिकारी, कोणी गांवकरी खरें लिहिण्यास धजणार नाहीं. आणि मग कितीहि कॅमेरे बांधले तरी आपण पुन्हां सरिस्काच्या वाटेवर जाऊं. उलट, पंधरा किलोमीटर चालून आलेल्या रक्षकानें ‘कांहीं आढळलें नाहीं’ असें लिहिलें आणि त्याच्या वरिष्ठानें, शास्त्रज्ञानें व आपण सर्वांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें, तर त्या रानाला वांचविण्यास अद्याप अवकाश आहे असें समजावें.